मुठीतला चिंचोका

पागनीस मॅडम सगळ्यांना ‘भिया’ म्हणायच्या. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, कॉलेजच्या प्राचार्यांना, आणि एकदा फोनवर आमच्या दिल्लीच्या साहेबांनासुद्धा. इंदुरात भिया म्हणजे भाऊ, दोस्त, गिऱ्हाईक, अनोळखी माणूस, समोर जो असेल तो. पण साठी उलटलेली, कडक इस्तरीची सुती साडी नेसणारी, जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेली बाई हा शब्द इतक्या सहज फेकते, हे दिल्लीच्या साहेबांना झेपलं नाही. त्यांनी मला वेगळा फोन करून विचारलं, “मिलिंदजी, ये मैडम ठीक तो हैं ना?” मी म्हणालो, “एकदम ठीक हैं सर.” खरं सांगायचं तर तेव्हा माझीही खात्री नव्हती.

या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. मी तेव्हा एका दिल्लीच्या सर्वेक्षण कंपनीचं इंदूरचं ऑफिस सांभाळायचो. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, तीन सर्वेक्षक आणि एक कुरकुरणारा प्रिंटर. एरवी आमचं काम साबण आणि बिस्किटांचं: कोण कुठला वापरतो, का वापरतो. त्या वर्षी मात्र नवीनच काम आलं. इंदूर आणि आसपासच्या दुकानांत, छोट्या ऑफिसांत पायरेटेड सॉफ्टवेअर किती चालतं ते मोजायचं. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना आधी आकडा हवा होता, मग तो कमी करायचा होता.

आमच्याकडे तेव्हा सॉफ्टवेअर विकत घ्यायचं असतं हेच पुष्कळांना माहीत नव्हतं. भाजीबरोबर जशी कोथिंबीर फुकट मिळते, तसं कॉम्प्युटरबरोबर सगळं भरून मिळायचं. दुकानदार विचारायचा, “और क्या डाल दूँ भिया?” आणि गिऱ्हाईक म्हणायचं, “जो है सब डाल दो.” यात कुणाला काही गैर वाटत नसे, आणि मलाही वाटत नसे.

दिल्लीहून चाळीस प्रश्नांचा फॉर्म आला. पहिलाच प्रश्न: आपण चोरीचे सॉफ्टवेअर वापरता का? तीन दिवसांत आम्ही साठ दुकानं केली. साठच्या साठ उत्तरं ‘नाही’. काम झपाट्याने होतंय म्हणून मी खूश होतो. चौथ्या दिवशी सल्लागार म्हणून नेमलेल्या पागनीस मॅडम पहिल्यांदा ऑफिसात आल्या. हातात स्टीलचा डबा होता, आणि त्यात पोहे. डबा टेबलावर उघडा ठेवून त्यांनी फॉर्मचा गठ्ठा चाळला.

“साठच्या साठ? म्हणजे आपलं इंदूर तर एकदम तीर्थक्षेत्र झालं की रे!” मग माझ्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून विचारलं, “आणि हे?”

मी पंख्याकडे बघितलं. सर्वेक्षकही पंख्याकडे बघायला लागले.

“पोहे खा आधी,” मॅडम म्हणाल्या. “हे बघ मिलिंद भिया, लोकांवर रागवायचं काही कारणच नाही. आपण त्यांना खरं बोलायला जागाच ठेवली नाही. दारात उभं राहून कुणाला विचारलं, चोर आहात का, तर तो काय बोलेल? बोलेल, चहा घेणार का.”

दुसऱ्या दिवशी त्या एक खणाची पिशवी घेऊन आल्या. पूर्वी तिच्यात त्यांच्या आईची सुपारी असायची. आता होते वीस चिंचोके. दहा कोरे, तपकिरी. दहांवर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका. आम्हाला वाटलं, बाई पट खेळायला बसणार.

पद्धत अशी. दुकानदाराने पिशवीत हात घालून एक चिंचोका काढायचा आणि मुठीतल्या मुठीत बघायचा. ठिपक्याचा निघाला तर काही विचार न करता ‘हो’ म्हणायचं. कोरा निघाला तर खरं असेल ते सांगायचं. प्रश्न एकच: दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये एक तरी सॉफ्टवेअर कॉपीवालं आहे का? समोरचा ‘हो’ म्हणाला तर ते ठिपक्याचं ‘हो’ की खरं ‘हो’, हे त्याच्याशिवाय कुणालाच कळणार नाही. चिंचोका परत पिशवीत, आणि पुढचं दुकान.

“पण मग आपल्याला काय कळणार मॅडम?” मी विचारलं.

“एकाचं काहीच नाही कळणार. सगळ्यांचं मिळून कळेल. शंभर जणांनी काढले तर पन्नासेक ठिपके येणार, ते पन्नास ‘हो’ बोलणारच. ते बाजूला काढ. उरलेल्या पन्नासांत जितके ‘हो’, तितकं खरं. गाव मोजायचं आहे ना आपल्याला? मग माणूस कशाला पकडायचा?”

या पद्धतीला पुस्तकात लांबलचक इंग्रजी नाव आहे. मॅडमनी ते दिल्लीला लिहून पाठवलं आणि पिशवी स्वतःजवळ ठेवली. फॉर्मवरचा ‘चोरी’ हा शब्द त्यांनी लाल शाईने खोडला. त्यांचे आजोबा संस्थानच्या मोजणी खात्यात होते, साखळी घेऊन शेतं मोजत फिरायचे. “मोजणारा आला की लोकांना वाटतं, आता आपलं काहीतरी जाणार,” मॅडम सांगायच्या. “आजोबा ज्या शेतात साखळी टाकायचे, तिथे आधी शेतकऱ्याला शब्द द्यायचे. माझ्यामुळे तुझं काही जाणार नाही. मीसुद्धा देते.” आणि खरोखरच प्रत्येक दुकानात त्या तो शब्द द्यायच्या. “मेरे पूछने से आपका कुछ नहीं बिगड़ेगा. ये मेरा शब्द है.” हे वाक्य म्हणताना त्या भिया म्हणत नसत.

दुकानदार चिंचोका काढत असताना त्या पाठ करून उभ्या राहायच्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्याने वाचायच्या. “अरे, परसों तो एकादशी है!” “ये फोटो बड़ा अच्छा छापा है इन्होंने.” आपण बघत नाही हे समोरच्याला ऐकू यावं म्हणून. काही दिवसांत इंदुरातल्या कुठल्या दुकानात कुठलं कॅलेंडर आहे हे त्यांना तोंडपाठ झालं. बाजारात त्यांचं नाव पडलं इमलीवाली मैडम. त्यांना ते कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

इंदूरजवळच्या बेटम्याला लग्नपत्रिका छापणारा एक जण होता, बोलायला मोकळा, पोटाने सुटलेला. त्याने चिंचोका काढला आणि तळहात सगळ्यांसमोर उघडून नाचवला. “देख लो मैडम, कोरा निकला! हाँ भई हाँ, अपने यहाँ तो सब माल कॉपी का है, अपन किसी से डरते हैं क्या!”

मॅडम गर्रकन वळल्या. त्यांना इतकं रागावलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. त्यांनी आपल्या दोन्ही हातांनी त्याची मूठ बंद केली आणि दाबून धरली. “दिखाने का नहीं, भिया. आपको डर नहीं, ठीक है. पर बाजूवाले को होगा. आपने दिखाया, तो कल उसको भी दिखाना पड़ेगा.” त्याला पुन्हा पिशवीत हात घालायला लावलं. तो बिचारा शाळकरी पोरासारखा भिंतीकडे तोंड करून मुठीत बघत होता.

हातोदला त्याच्या उलट गंमत झाली. तिथे मंडीजवळ रामेश्वरजी म्हणून एक गृहस्थ होते. बियाण्यांचं दुकान, धोतर, कपाळाला गंध, आणि काउंटरवर देवासारखा मांडलेला एकच कॉम्प्युटर. त्यांच्या हाती ठिपक्याचा चिंचोका आला असावा, कारण ते एकदम अडून बसले. “मैं हाँ क्यों बोलूँ? मेरे पास बिल है!”

“रामेश्वरजी, खेल का नियम है,” मॅडम म्हणाल्या. “टिपकी आई तो हाँ बोलना है. उससे आप पर कुछ नहीं लगता.”

“नियम होगा. पर मैं झूठी हाँ नहीं बोलूँगा. मेरे पास बिल है बैनजी!” असं म्हणून त्यांनी भिंतीवरून फ्रेम उतरवली. देवांच्या तसबिरींच्या रांगेत सॉफ्टवेअरचं बिल काच लावून टांगलेलं होतं, वर सुकलेल्या झेंडूची माळ. मुलाने सांगितलं होतं म्हणून इंदूरला जाऊन पैसे मोजून आणलं होतं, आणि सगळ्या मंडीने त्यांना वेड्यात काढलं होतं. मॅडमनी अर्धा तास समजावलं. रामेश्वरजी हलले नाहीत. परतीच्या बसमध्ये मॅडम कपाळाला हात लावून हसत होत्या. “माझं गणित खोटारड्यांनी कधी नाही बिघडवलं रे. पहिला सच्चा माणूस भेटला आणि त्याने बिघडवलं!” त्या दिवसाच्या कागदावर हातोदपुढे त्यांनी लिहिलं, ‘उत्तर नाही. आदरपूर्वक.’

काम दसऱ्याच्या आधी संपलं. आकडा काय आला ते मी लिहीत नाही, दिल्लीच्या कागदांत तो असेल. तो मोठा होता, पण दिल्लीला हवा होता तेवढा मोठा नव्हता, आणि मॅडमनी तो एका दशांशानेही हलवू दिला नाही. साहेबांचा फोन आला. मी स्पीकर लावला.

“मैडम, नंबर ठीक है, पर नाम भी चाहिए. कौन-सी दुकान, क्या जवाब.”

“जवाबों के साथ नाम नहीं हैं भिया.”

“कहीं तो लिखे होंगे?”

“कहीं नहीं. मुझे खुद नहीं पता. यही तो इसकी खूबी है.”

साहेब काहीतरी पुटपुटले, त्यात ‘इमली के बीज’ एवढं ऐकू आलं. मॅडमनी शांतपणे फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. “चल, आता सोन्याची यादी कर.”

मॅडमचा नियम होता. ज्याने आपल्याला खरं सांगितलं, त्याच्या दारी एकदा रिकाम्या प्रश्नाने जायचं. म्हणजे काही न विचारता. दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून देतात, त्या निमित्ताने त्या सगळ्या दुकानांत जाणार होत्या. कुठल्या दुकानांत गेलो ते रोजच्या कागदांवर होतं, त्यावरून मी यादी केली. दुकानाचं नाव, मालकाचं नाव, पत्ता, फोन. माझं टायपिंग चांगलं होतं आणि मला यादीची हौसही होती. इंदूर, राऊ, हातोद, बेटमा असे भाग पाडले. मग तीन दिवस आम्ही पानं वाटत फिरलो. “सोनं घ्या भिया, सोन्यासारखे राहा,” मॅडम मराठीतच म्हणायच्या, समोरचा मारवाडी असो की बोहरी. बेटम्याच्या पत्रिकावाल्याने पान गल्ल्यात ठेवलं. रामेश्वरजींनी बिलाच्या फ्रेममध्ये खोचलं.

आता जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला फोन केला. त्यांना दुकानदारांना आभाराची पत्रं पाठवायची होती म्हणे. पत्ते आहेत का? मी म्हणालो, आहेत, छान यादी आहे. यादीत उत्तरं नव्हती, नुसते पत्ते होते, मग त्यात काय बिघडतं, असं मी स्वतःला समजावलं. पण पाठवायचं बटण दाबताना दाराकडे बघून घेतलं होतं, मॅडम तर येत नाहीत ना. यावरून काय ते समजून घ्या.

आभाराची पत्रं गेलीच नाहीत. नोटिसा गेल्या. यादीतल्या प्रत्येक दुकानाला, वकिलाच्या लेटरहेडवर, की तुमच्याकडे बेकायदा सॉफ्टवेअर असल्याची माहिती मिळाली आहे. दोन ठिकाणी माणसं येऊन कॉम्प्युटर घेऊनही गेली. त्यांतलं एक बेटम्याचं होतं, ऐन लग्नसराईत.

नोटीस घेऊन राऊला मॅडमच्या घरी सर्वांत आधी पोचले ते रामेश्वरजी. मी तिथेच होतो. ते ओट्यावर बसले नाहीत. धोतराचा सोगा हातात धरून उभे राहिले, काखेत ती काचेची फ्रेम. माळ काढलेली होती, आपट्याचं पान मात्र तसंच.

“मैडम, मैंने तो हाँ भी नहीं बोला था,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “आपने शब्द दिया था ना?”

मॅडमनी नोटीस वाचली, पालथी करून बघितली, पुन्हा वाचली. मग विचारलं, “औरों को भी आया?”

“सबको. जिस-जिसको आपने सोना दिया, उसको.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. मी किती तरी वेळा ते दृश्य आठवून बघितलं आहे, नाहीच बघितलं. त्या रामेश्वरजींना म्हणाल्या, “गलती मेरी है. मेरे पास से गई वो लिस्ट.” मी तिथे, हाताच्या अंतरावर, तोंड उघडून काही बोलू शकलो असतो. नाही बोललो. मला नोकरी होती, घरी शिकणारी मुलगी होती, ही सगळी कारणं नंतर जमवली. त्या क्षणी फक्त भीती होती.

दुसऱ्या दिवसापासून मॅडम तीच यादी घेऊन दारोदार निघाल्या. मी बरोबर जायचो. हे बोलणं मी पन्नासेक वेळा तरी ऐकलं असेल: “मैंने शब्द दिया था, वो टूट गया. माफी माँगने आई हूँ.” काही जणांनी चहा दिला, पण खुर्ची दिली नाही. एकाने शटर खाली ओढलं. कॉम्प्युटरच्या गल्लीत कुणीतरी मागून ओरडलं, “इमलीवाली आ गई, हार्ड डिस्क छुपाओ रे!” लोक हसले. मॅडमही कसनुसं हसल्या आणि पुढच्या दुकानाची पायरी चढल्या. पण हल्ली त्या दुकानात शिरल्या की कॅलेंडर वाचत नसत. खाली बघून बोलत. तेव्हा मला पहिल्यांदा त्या म्हाताऱ्या वाटल्या.

कंपनीचं काम त्यांनी सोडलं. रिपोर्टवर सही केली नाही. साहेबांना एक ओळीचं पत्र लिहिलं, त्यातही ‘भिया’ होतं का ते मला माहीत नाही. मग राऊच्या घराच्या व्हरांड्यात त्यांनी दोन सतरंज्या टाकल्या आणि दारावर हिंदीत कागद चिकटवला: हर गुरुवार दोपहर, कंप्यूटर लाइए, सही करके ले जाइए. जवळच्या कॉलेजातल्या, संगणक शिकवणाऱ्या दोन मास्तरीणबाईंना त्यांनी हाताशी धरलं होतं. कल्पना साधी होती. दुकानदाराला खरोखर लागतं काय ते बघायचं. पाच कॉपीवाल्या सॉफ्टवेअरांतली तीन त्याने कधी उघडलेलीही नसत. चौथ्याच्या जागी फुकट मिळणारं कायदेशीर सॉफ्टवेअर टाकून द्यायचं आणि चालवायला शिकवायचं. पाचवं लागतंच असेल, तर ते बिल घेऊन विकत आणायला सांगायचं.

“हेच त्या दिल्लीवाल्यांनी आधी करायचं होतं,” त्या म्हणायच्या. “माणसाला घाबरवलं तर तो लपवतो. शिकवलं तर सोडतो. पण एवढा टाइम कोणाकडे आहे?”

पहिल्या गुरुवारी कुणी आलं नाही. दुसऱ्याही नाही. मॅडम, दोघी मास्तरीणबाई आणि मी, असे चौघे पोहे खात बसलो. तिसऱ्या गुरुवारी फाटकाशी टेम्पो थांबला आणि रामेश्वरजी उतरले. त्यांनी आपला कॉम्प्युटर गादीच्या खोळीत गुंडाळून हातोदहून आणला होता.

“तुमचं तर सगळं असली आहे!” मी चकित होऊन म्हणालो.

“हओ, पण इथं कुणी बसलेलं दिसलं तर बाकीचे येतील ना,” ते तोडक्या मराठीत म्हणाले, आणि कॉम्प्युटरची खोळ सोडून सतरंजीवर मांडी घालून बसले. संध्याकाळपर्यंत बसून राहिले, रस्त्यावरून नीट दिसेल अशा जागी. मॅडमनी त्यांना दोनदा चहा दिला. तिसऱ्यांदा चहा आणायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या खेपेला दोघं आले, मग पाच. शेवटी बेटम्याचा पत्रिकावालाही आला, तोंड फुगवून, आणि जाताना मॅडमच्या पाया पडला. व्हरांड्यात वायरींचं जंजाळ झालं. मी दर गुरुवारी अर्धी रजा टाकून सीपीयू उचलायला जायचो. लोकांना वाटायचं, काय भला माणूस आहे. मॅडम मला काहीच म्हणत नसत. कधी तरी म्हणायच्या, “मिलिंद भिया, कंबर सांभाळ.” दर वेळी मी ठरवून जायचो की आज सांगू, आणि दर वेळी नुसते सीपीयू उचलून परत यायचो.

दोनेक वर्षांनी मॅडम पुन्हा पिशवी घेऊन बाजारात फिरल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला रिपोर्ट द्यायचा नव्हता. या वेळी कागदावर कुणाचंही नाव लिहिलं नाही, नुसत्या उभ्या रेघा मारल्या. मी विचारलं, “आकडा काय आला मॅडम?”

“खाली आला,” एवढंच म्हणाल्या. आणि त्या दिवशी परत येताना रस्त्यातल्या एका दुकानाचं कॅलेंडर त्यांनी थांबून वाचलं, मोठ्याने.

पुढे काळ बदलला. आता सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने मिळतं, दुकानं फोनवर चालतात, गुरुवारच्या सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. मी ती नोकरी सोडली. मॅडमकडे जाणं दसऱ्यापुरतं उरलं. परवा माझ्या मुलीच्या फोनवर कसलासा प्रश्नांचा फॉर्म आला. खाली लिहिलं होतं, आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल. मुलीने न वाचता होकार दिला. मला मॅडमची आठवण आली, आणि ती दिवसभर जाईना, म्हणून हे लिहायला बसलो.

शेवटची भेट गेल्याच्या गेल्या दसऱ्याची. मॅडम पंचाहत्तरीच्या घरात होत्या, हात थरथरायचा. लेकीकडे पुण्याला कायमचं जायचं ठरलं होतं. व्हरांड्यात खोकी बांधून ठेवलेली होती. मी आपट्याची पानं दिली, नमस्कार केला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. रामेश्वरजी गेले, त्यांच्या मुलाने ती फ्रेम अजून भिंतीवर ठेवली आहे, असं मी सांगितलं. मग मॅडमनी एका खोक्यात हात घालून चाचपडत काहीतरी काढलं. तीच खणाची पिशवी.

“शेवटचा सर्वे,” त्या म्हणाल्या. “एकच माणूस आहे, त्यामुळे गणिताला तर बेकारच. पण राहून गेला होता.” पिशवी माझ्यापुढे धरली. “नियम माहीत आहेत ना? ठिपका निघाला तर ‘हो’. कोरा निघाला तर खरं. प्रश्न असा आहे, ती सोन्याची यादी तू पाठवलीस का?”

आणि त्या पाठ करून उभ्या राहिल्या. भिंतीवरच्या बाकीच्या तसबिरी उतरवल्या होत्या, कॅलेंडर तेवढं राहिलं होतं. “अरे, उद्या एकादशीच नाही का,” त्या वाचत होत्या. आवाज कापत होता, पण मोठा होता, मला नीट ऐकू यावा इतका.

मी पिशवीत हात घातला. एक चिंचोका काढला आणि मुठीत बघितला. कोरा होता.

“हो,” मी म्हणालो.

मॅडम कॅलेंडरकडेच बघत होत्या. “बरं,” त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं अडकलेलं सगळं एकदम वर आलं. रडू येत होतं, लाजही वाटत होती. खरं बोलायला या बाईने मला जागा करून दिली होती, आणि त्या जागेच्या आड लपून मी पुन्हा सुटणार होतो. ते मला नको होतं. “मॅडम, इकडे बघा, हा...” म्हणत मी मूठ पुढे केली आणि बोटं उघडायला लागलो.

त्या वळल्या. थरथरत्या दोन्ही हातांनी त्यांनी माझी मूठ बंद केली आणि दाबून धरली. त्या हातांत अजून एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“दाखवायचा नाही, भिया.”

मग माझी मूठ तशीच धरून त्यांनी पिशवीपाशी नेली. मी चिंचोका आत सोडला. मॅडम खुर्चीत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि पूर्वी रोज संध्याकाळी मोजायच्या तसे आत हात घालून, न बघता, एकेक चिंचोका बोटांनी बाजूला सारत मोजायला लागल्या. मी उभा राहून ऐकत होतो.

“वीस,” त्या म्हणाल्या, आणि पिशवीची नाडी ओढली. “पूर्ण आहेत. बस आता, पोहे करते.”